वाचकांचे प्रश्न: रोजचा कारभार आणि नवे प्रकल्प, हिशेब एकाच तक्त्यावर

मराठवाड्यातील लहान आणि मध्यम उद्योगांतून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक अडचण पुन्हा पुन्हा मांडली जात आहे. रोजचे उत्पादन चालू ठेवणारी माणसे आणि नवे प्रकल्प पुरे करण्याची जबाबदारी असलेली माणसे एकाच छताखाली काम करतात, पण त्यांची उद्दिष्टे, बैठका आणि कागद वेगवेगळे असतात. त्यामुळे दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही प्रकल्प रेंगाळतात आणि कारभारावर ताण येतो. या दोहोंना जोडणारी पद्धत प्रोजेक्ट पोर्टफोलिओ मॅनेजमेंट या नावाने ओळखली जाते. संस्थेतील चालू आणि प्रस्तावित असे सर्व प्रकल्प एकत्र मांडणे, संस्थेची उद्दिष्टे, पैसा आणि माणसांची ताकद पाहून त्यांची निवड करणे व क्रम लावणे, आणि हा निर्णय ठरावीक काळाने पुन्हा तपासणे, हे तिचे काम. या विषयावरील निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न: वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचा दुचाकी आणि तीनचाकी वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. सध्या आमच्याकडे १४ प्रकल्प चालू आहेत. त्यांत ग्राहकाच्या नव्या मॉडेलसाठी विकसित करायचे भाग आहेत, रोबोटिक वेल्डिंग सेल आहे, पेंट शॉपचे स्थलांतर आहे आणि ईआरपी (सर्व विभागांचे व्यवहार एकत्र नोंदवणारी संगणकप्रणाली) बदलण्याचे कामही आहे. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र प्रमुख आहे आणि दर सोमवारी आढावा होतो, तरीही जवळजवळ सगळेच प्रकल्प उशिरा चालले आहेत. प्रकल्पप्रमुखांचे म्हणणे असे की प्रॉडक्शन विभाग ट्रायलसाठी मशीन देत नाही. प्रॉडक्शन विभागाचे म्हणणे असे की डिस्पॅच चुकला तर ग्राहकाची लाइन थांबेल. दोघांचेही खरे आहे. मार्ग कसा काढावा?
(एक प्लँट मॅनेजर, वाळूज)

उत्तर: दोघांचेही खरे आहे हे आपण मान्य केले आहे, म्हणून पुढचे सांगणे सोपे झाले. हा स्वभावांचा किंवा शिस्तीचा प्रश्न असता तर सोमवारच्या आढाव्याने तो केव्हाच सुटला असता. आपल्याकडील १४ प्रकल्प आणि रोजचे उत्पादन हे दोन्ही मिळून त्याच थोड्या माणसांवर आणि त्याच थोड्या यंत्रांवर उभे आहेत, आणि त्यांच्याकडे मुळात किती तास आहेत याचा हिशेब कोणत्याही एका कागदावर मांडलेला नाही, हे मला खरे कारण वाटते. प्रत्येक गँट चार्ट (प्रकल्पातील कामांचे वेळापत्रक दाखवणारा तक्ता) स्वतंत्रपणे पाहिला तर बरोबर असतो. चौदाही चार्ट एकावर एक ठेवले की एकाच टूल रूममधील एकाच माणसाला त्या आठवड्यात चार ठिकाणी हजर दाखवलेले आढळते.

म्हणून पहिले काम प्रकल्पांची यादी करण्याचे नसून उरलेली ताकद मोजण्याचे आहे. उदाहरणादाखल असे समजू की टूल रूम आणि मेंटेनन्स मिळून आपल्याकडे ६ अनुभवी माणसे आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला ४८ तास काम करतो, म्हणजे एकूण २८८ तास झाले. डायची दुरुस्ती, यंत्रांची नियमित देखभाल आणि रोजचे बिघाड यांत त्यांचे तीन चतुर्थांश तास, म्हणजे २१६ तास जातात. उरलेल्या ७२ तासांतून रजा, ग्राहकाचे ऑडिट आणि ऐनवेळी येणारे मोठे बिघाड यांसाठी २२ तास बाजूला ठेवले, तर प्रकल्पांसाठी आठवड्याला ५० तास उरतात. आता आपल्या १४ पैकी ९ प्रकल्पांना हीच माणसे आठवड्याला प्रत्येकी १२ तास हवी असतील, तर मागणी १०८ तासांची होते आणि हातात आहेत ५०. या परिस्थितीत एका वेळी चारच प्रकल्प नीट चालू शकतात. उरलेले पाच सुरू ठेवले म्हणून ते पुढे सरकत नाहीत. ते फक्त चालू असल्याचे दिसते, आणि पहिल्या चारांचे तास मात्र खातात.

आपल्या भागातील वाचकांना ही गोष्ट जायकवाडीच्या पाण्यावरून लगेच कळेल. नाथसागरातील साठा पाहून आधी पिण्याच्या पाण्याचे आणि उद्योगांचे आरक्षण बाजूला काढले जाते, बाष्पीभवन धरले जाते, आणि त्यानंतर जे उरेल त्यावर सिंचनाची किती आवर्तने द्यायची हे ठरते. सगळ्या वितरिका एकाच वेळी उघडल्या तर टेलच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असते. कारखान्यात रोजचे उत्पादन म्हणजे ते आरक्षण आहे. ते आधी, मोकळेपणाने आणि आकड्यांत बाजूला काढले पाहिजे. प्रकल्पांची निवड उरलेल्या तासांवर होते. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. प्रकल्प मंजूर करताना रोजचे काम गृहीत धरले जाते, आणि मग प्रत्यक्षात ते काम प्रकल्पाचे तास ओढून घेते.

एका वेळी कमी प्रकल्प चालवण्याने एकूण काम कमी होते, अशी भीती मालकांना वाटते. ती दूर करण्यासाठी एक छोटा हिशेब त्यांच्यासमोर मांडावा. एकाच अभियंत्याकडे तीन प्रकल्प आहेत आणि प्रत्येकाला त्याचे ४ आठवडे लागतात. त्याने एकामागून एक काम केले तर ते चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी पुरे होतात. त्याने दर आठवड्याला प्रकल्प बदलत काम केले तर तेच तीन प्रकल्प दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी पुरे होतात. काम तेवढेच, माणूस तोच. पण पहिल्या प्रकल्पाचा लाभ ६ आठवडे उशिरा मिळतो, दुसऱ्याचा ३ आठवडे उशिरा, आणि तिसऱ्याला एका दिवसाचाही फायदा होत नाही. काम बदलताना वाया जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगेचा नियमही हेच सांगतो: व्यवस्थेत सरासरी किती कामे अडकलेली आहेत त्याला काम पुरे होण्याच्या वेगाने भागले की प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. वर्षाला ६ प्रकल्प पुरे करणाऱ्या कारखान्यात १२ प्रकल्प चालू असतील तर प्रत्येकाला सरासरी दोन वर्षे लागतात. तोच वेग राखून ४ चालू ठेवले तर ८ महिने.

आता कोणते चार निवडायचे, हा प्रश्न. यात सर्वप्रथम सक्तीची कामे वेगळी काढावीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली, तेव्हा ज्या पुरवठादारांचे भाग त्यात बदलत होते त्यांच्यासाठी त्या तारखेपर्यंत नवा भाग मंजूर करून घेणे ही निवड नव्हती; ते केले नसते तर धंदाच उरला नसता. सुरक्षिततेची आणि प्रदूषण नियंत्रणाची कामेही याच वर्गात येतात. अशा कामांना गुण देत बसू नये, त्यांचे तास थेट राखून ठेवावेत. उरलेल्या प्रकल्पांची तुलना करताना परतावा किती मिळेल हे सगळेच विचारतात. त्याच्या जोडीला दोन प्रश्न आवर्जून विचारावेत. हा प्रकल्प एक महिना पुढे ढकलला तर आपले नेमके किती नुकसान होते? आणि आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ असलेल्या माणसाचे किंवा यंत्राचे किती तास तो खातो? थोड्या तासांत मोठे नुकसान टाळणारा प्रकल्प आधी घ्यावा. ईआरपीचे काम टूल रूमचे तास खात नाही, पण स्टोअर आणि खरेदी विभागाचे तास खाते, तेव्हा त्याचा क्रम त्या विभागांच्या उरलेल्या ताकदीवर ठरेल. चौदाही प्रकल्पांना एकाच मापाने तोलण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष जोडणीची जागा मात्र पीपीसी (उत्पादन नियोजन आणि नियंत्रण) विभागाचा मासिक उत्पादन आराखडा ही आहे. ट्रायलसाठी लागणारे प्रेसचे किंवा वेल्डिंग फिक्स्चरचे तास त्या आराखड्यात ग्राहकाच्या ऑर्डरप्रमाणे, भागाचा क्रमांक, तारीख आणि शिफ्ट यांसह लिहिले गेले पाहिजेत. जोपर्यंत ट्रायल ही प्रकल्पप्रमुखाने शिफ्ट सुपरवायझरकडे केलेली तोंडी विनंती असते तोपर्यंत ती नाकारली जाणारच, आणि सुपरवायझरने ती नाकारणे योग्यच आहे, कारण त्याचे मोजमाप तयार मालावर होते. आराखड्यात लिहिलेली ट्रायल झाली नाही तर ती उत्पादनाच्या तुटीसारखी नोंदवली जावी. माझ्या मते केवळ एवढा बदल केला तरी आपल्या दोन विभागांमधील निम्मा वाद मिटेल.

बैठकीबद्दल थोडे. दर सोमवारचा आढावा प्रकल्पांच्या प्रगतीसाठी चालू ठेवावा, पण महिन्यातून एकदा वेगळी बैठक घ्यावी, ज्यात प्लँट प्रमुख, पीपीसी, मेंटेनन्स, क्वालिटी आणि फायनान्स यांचे प्रमुख बसतील. प्रकल्पप्रमुखांनी माहिती द्यावी, निर्णय या पाच जणांनी घ्यावा. निर्णयाचे विषय मोजके: कोणता नवा प्रकल्प सुरू करायचा, कोणता थांबवून ठेवायचा, कोणता बंद करायचा, आणि पुढील तीन महिन्यांत रोजच्या कारभारावर कोणत्या आठवड्यात सर्वांत जास्त भार येणार आहे. दिवाळीआधीच्या महिन्यांत वाहनांच्या मागणीमुळे पुरवठादारांवर येणारा ताण आपल्याला ठाऊक आहेच; त्या काळात पेंट शॉप हलवण्याची तारीख कोणी मांडली तर ती तिथल्या तिथे पुढे गेली पाहिजे. कायझेनसारख्या लहान सुधारणा या यादीत आणू नयेत. ज्या कामाला दुसऱ्या विभागाची माणसे लागत नाहीत ते काम त्या त्या विभागाने आपल्या अधिकारात करावे, नाहीतर ही बैठक परवानग्या देण्याचे कार्यालय होऊन बसेल.

प्रश्न: मी वाणिज्य महाविद्यालयात शिकवतो. शेअर बाजारातील पोर्टफोलिओ आणि प्रकल्पांचा पोर्टफोलिओ यांत तत्त्वाचा काही संबंध आहे का?
(एक प्राध्यापक, नांदेड)

उत्तर: संबंध आहे, आणि त्याला इतिहासही आहे. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे मांडले की गुंतवणुकीची जोखीम एकेका रोख्यापुरती न पाहता सगळे रोखे मिळून पाहिली पाहिजे. या कामासाठी त्यांना १९९० साली अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. हार्वर्डमधील एफ. वॉरन मॅकफार्लन यांनी १९८१ साली हाच विचार संगणकप्रणालींच्या प्रकल्पांना लावला आणि एकेका प्रकल्पाबरोबर सर्व प्रकल्पांची मिळून जोखीम किती आहे हे पाहण्याचा आग्रह धरला. पुढे अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २००६ साली पोर्टफोलिओ व्यवस्थापनाचे पहिले मानक काढले आणि २०१५ साली आयएसओ २१५०४ हे मार्गदर्शक मानक आले.

तरीही विद्यार्थ्यांना शिकवताना फरकावर भर द्यावा, अशी विनंती आहे. शेअर अर्धे विकता येतात आणि ते सांभाळण्यासाठी गुंतवणूकदाराला रात्रपाळी करावी लागत नाही. अर्धा पूल किंवा अर्धे सॉफ्टवेअर यांना किंमत नसते, एका प्रकल्पाचे फळ दुसऱ्या प्रकल्पाची सुरुवात असू शकते, आणि सगळे प्रकल्प त्याच माणसांच्या वेळेवर जगतात. त्यामुळे येथे जोखीम वाटून टाकण्यापेक्षा ताकद वाटून देण्याचा प्रश्न मोठा असतो.

प्रश्न: मी धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात अभियांत्रिकी विभागात आहे. गाळप हंगाम संपला की ऑफ सीझनमध्ये मशिनरीची देखभाल-दुरुस्ती, मिल हाऊसचे आधुनिकीकरण आणि आसवनीचे (डिस्टिलरीचे) विस्तारीकरण ही कामे एकदम सुरू होतात. माणसे तीच असतात. दरवर्षी मोळी टाकण्याचा, म्हणजे गाळप सुरू करण्याचा, दिवस जवळ येतो तेव्हा काही ना काही अपुरे असते. दरवर्षीच्या दुरुस्तीला प्रकल्प समजावे की नित्याचा कारभार? आणि पोर्टफोलिओची पद्धत हंगामी उद्योगाला लागू पडते का?

उत्तर: हंगामी उद्योगाला ती इतरांपेक्षा अधिक लागू पडते, कारण आपली अंतिम तारीख शेतात उभ्या असलेल्या उसाने ठरवलेली असते आणि ती कोणत्याही ठेकेदाराच्या सोयीने हलत नाही.

वार्षिक देखभाल-दुरुस्ती हा उद्देशाने नित्याचा कारभार आहे, कारण तिच्यामुळे कारखान्याची क्षमता वाढत नाही, आहे ती टिकते. तिचे नियोजन मात्र प्रकल्पासारखे करावे, कारण तिला सुरुवात, शेवट, अंदाजपत्रक आणि कामांचा क्रम आहे. वर वाळूजच्या वाचकांना जो आरक्षणाचा नियम सांगितला तोच येथे लावायचा: फिटर, वेल्डर आणि चीफ इंजिनिअरच्या सहायकांचे तास सर्वप्रथम दुरुस्तीच्या नावे राखून ठेवायचे, आणि उरलेल्या तासांत आधुनिकीकरण व विस्तारीकरण यांना जागा द्यायची. झिजलेला भाग काढून तसाच नवा बसवणे हे दुरुस्तीत मोजावे. क्षमता, रचना किंवा प्रक्रिया बदलणारे काम स्वतंत्र प्रकल्प म्हणून नोंदवावे. ही रेघ स्पष्ट नसेल तर दुरुस्तीच्या नावाखाली लहान-लहान बदल घुसतात, त्यांचे ड्रॉइंग नसते, त्यांचा खर्च कोणी तपासलेला नसतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेच अडून बसतात.

दुसरा मुद्दा निर्णयाच्या वेळेचा आहे. ऑफ सीझनमधील प्रकल्पांचा निर्णय हंगाम संपल्यावर घेणे म्हणजे उशीर आधीच मान्य करणे होय. मिल रोलर, गिअरबॉक्स किंवा टर्बाइनचे सुटे भाग मागवल्यावर यायला महिने लागतात, म्हणून त्यांची निवड जानेवारीतच, कारखाना पूर्ण क्षमतेने चालू असताना झाली पाहिजे. त्या वेळी चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट यांच्यासमोर बंद पडलेल्या तासांची ताजी नोंद असते, आणि कोणत्या यंत्रामुळे गाळप थांबले याचे उत्तर आठवणीवर अवलंबून राहत नाही. ही नोंद म्हणजे रोजच्या कारभाराने प्रकल्पांच्या निवडीला दिलेला सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे.

जानेवारीतील या निवडीच्या बैठकीत शेतकी अधिकाऱ्यांना बोलावणे मी अनिवार्य मानतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे उसाचे सर्व प्रकार मिळून पुढील हंगामासाठी किती उसाची नोंद आहे हे त्यांच्याकडे असते. मराठवाड्यात पाऊस कमी झालेल्या वर्षी ऊस घटतो, हंगाम लवकर आटोपतो आणि ऑफ सीझन लांबतो. म्हणजे प्रकल्पांना वेळ भरपूर मिळतो, पण उत्पन्न घटल्याने पैसा मिळत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी याच्या उलट होते: पैसा असतो, पण हंगाम एप्रिलपर्यंत रेंगाळतो आणि दुरुस्तीलाच वेळ कमी पडतो. म्हणून आपल्या कारखान्याने प्रकल्पांच्या दोन याद्या तयार ठेवाव्यात, एक भरपूर उसाच्या वर्षासाठी आणि एक टंचाईच्या वर्षासाठी. टंचाईच्या यादीत आपल्या माणसांच्या श्रमावर होणारी, कमी खर्चाची आणि वेळखाऊ कामे असावीत. दुसऱ्या यादीत बाहेरच्या ठेकेदाराकडून थोड्या दिवसांत उभी होणारी कामे.

आसवनीच्या विस्तारीकरणाबाबत एक सावधगिरी सुचवतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने २०२३-२४ या इथेनॉल पुरवठा वर्षासाठी उसाचा रस आणि सिरप यांपासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, काही दिवसांतच ते मर्यादित प्रमाणात शिथिल केले, आणि २०२४-२५ या वर्षासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. हंगाम ऐन भरात असताना आलेल्या त्या आदेशाने अनेक कारखान्यांचे गणित बदलले. एकदा मंजूर झालेला प्रकल्प पुरा होईपर्यंत मंजूरच राहतो, ही समजूत अशा उद्योगात महाग पडते. विस्तारीकरणाचे टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी धोरण, दर आणि उसाची उपलब्धता पुन्हा तपासावी, आणि पुढील टप्प्याचा पैसा तेव्हाच सोडावा.

राहता राहिला मोळी टाकण्याचा दिवस. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी पुरेसे आठवडे ठेवून एक तारीख ठरवावी, जिच्यानंतर कोणताही बदल नव्याने जोडला जाणार नाही. त्या तारखेला अपुरे असलेले आधुनिकीकरण थांबवून जुनी व्यवस्था परत बसवता येईल, अशी तयारी आधीपासून असावी. बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट, बाष्पके निरीक्षकांची तपासणी आणि मिलची रिकामी चाचणी यांना लागणारे दिवस त्या तारखेनंतरचे आहेत, आणि ते प्रकल्पांच्या हवाली करू नयेत. ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन बसल्या आणि कारखाना सुरू झाला नाही, तर त्याची किंमत मजूर आणि सभासद शेतकरी भरतात.

प्रश्न: लातूरमध्ये आमची डाळ मिल आहे. कलर सॉर्टर, ड्रायर, छतावर सोलर आणि नवे गोदाम अशी चार कामे डोक्यात आहेत. घरचाच व्यवसाय आहे, समित्या वगैरे आम्हाला शक्य नाहीत. आधी काय करावे?

उत्तर: समितीची गरज नाही; बाप-लेक आणि हिशेब पाहणारे मुनीम एका संध्याकाळी एकत्र बसले तरी पुरे. आपल्यासारख्या व्यवसायात माणसांपेक्षा पैशाच्या वेळापत्रकावर अधिक लक्ष द्यावे लागते. नवीन तुरीची आवक जानेवारीच्या सुमारास वाढते आणि त्या काळात माल भरून ठेवण्यासाठी रोख पैसा व कॅश क्रेडिटची मर्यादा दोन्ही लागतात. त्या मर्यादेतून यंत्राची आगाऊ रक्कम दिली गेली, तर खरेदीच्या ऐन दिवसांत हात आखडता घ्यावा लागतो. यंत्रासाठी मुदत कर्ज आणि मालासाठी कॅश क्रेडिट ही वाटणी मोडू नये, आणि चारही कामांच्या पुढे रक्कम लिहिताना ती कोणत्या महिन्यात बाहेर जाणार हेही लिहावे.

क्रमाचे उत्तर आपल्या मिलच्या अडचणीवर ठरेल. पावसाळ्यात अंगणात वाळवण थांबल्याने मिल बंद राहत असेल, तर ड्रायर पहिला, आणि तो जूनच्या आधी चालू झाला पाहिजे. वर्षभर मिल चालते, पण डागी दाणे आणि खडे यांमुळे भाव कमी मिळत असेल, तर कलर सॉर्टर पहिला. तो बसवताना मात्र दाब स्थिर असलेली कोरडी हवा आणि स्थिर वीज लागते, म्हणजे कॉम्प्रेसर आणि वायरिंग ही त्या प्रकल्पाचीच अंगे आहेत. ती वेगळी धरली की यंत्र येऊन पडते आणि चालत नाही. सोलरचे काम बाहेरचा ठेकेदार करतो आणि आपल्या माणसांचा वेळ फारसा खात नाही, म्हणून ते दुसऱ्या कोणत्याही कामाबरोबर चालू शकते. एक गोष्ट पाहावी: गोदामाच्या किंवा ड्रायरच्या कामात छप्पर बदलणार असेल तर सोलर त्यानंतर. गोदाम सर्वांत शेवटी घ्यावे असे मला वाटते, कारण भाड्याने जागा मिळू शकते. ड्रायर भाड्याने मिळत नाही.

प्रश्न: यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?
(एक अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: सुरुवातीला कोणतेही घेऊ नये. एक्सेलच्या एका पानावर प्रकल्पाचे नाव, तो का करायचा, कारभारातील कोण त्याचा लाभ घेणार, दुर्मीळ माणसांचे आठवड्याला किती तास, कोणत्या महिन्यात किती पैसा, आणि शेवटच्या बैठकीतील निर्णय एवढे लिहिता आले की काम सुरू होते. हे पान सहा महिने नियमितपणे अद्ययावत राहिले, तर मग सॉफ्टवेअरचा विचार करावा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रिमाव्हेरा ही साधने वेळापत्रकासाठी चांगली आहेत, पण कोणता प्रकल्प हाती घेऊ नये हे ती सांगत नाहीत.

प्रश्न: जालन्यातील एका बियाणे कंपनीत मी प्रक्रिया केंद्राचे काम पाहतो. एक प्रकल्प दोन वर्षांहून अधिक काळ चालू आहे, त्याचा उपयोग होणार नाही हे सर्वांना दिसते, पण इतका पैसा घातल्यावर तो बंद कसा करायचा, असे वरिष्ठ म्हणतात. शिवाय पुरे झालेल्या प्रकल्पांतून खरोखर काय मिळाले हे कोणीच मोजत नाही. या दोन्हींबद्दल मार्गदर्शन करावे.

उत्तर: हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. लाभ मोजण्याची सवय नसते तेथे प्रकल्प बंद करण्याचे धैर्यही नसते, कारण चांगला प्रकल्प आणि वाईट प्रकल्प कागदावर सारखेच दिसतात.

आधी बंद करण्याबद्दल. खर्च झालेला पैसा प्रकल्प चालू ठेवला काय किंवा बंद केला काय, परत येत नाही. म्हणून तो निर्णयातून वजा करावा. वरिष्ठांसमोर एवढाच प्रश्न ठेवावा: आजपासून पुढे लागणारा खर्च आणि आजपासून पुढे मिळणारा लाभ एवढेच पाहिले, तर हा प्रकल्प आपण आज नव्याने सुरू केला असता का? उत्तर नाही असेल, तर तो ज्या माणसांना अडकवून बसला आहे ती कोणत्या थांबलेल्या प्रकल्पाला द्यायची हेही त्याच कागदावर लिहावे. बंद करण्याचा प्रस्ताव एकटा गेला की तो अपयशाची कबुली वाटतो; दुसऱ्या प्रकल्पाच्या सुरुवातीसह गेला की तो निर्णय वाटतो. प्रकल्पावर राबलेल्या माणसांचा मान राखणे येथे फार महत्त्वाचे आहे. त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात प्रकल्प बंद झाल्याची शिक्षा दिसली, तर पुढच्या वेळी कोणीही खरी परिस्थिती सांगणार नाही.

आपल्या क्षेत्रात हे विशेष लागू आहे. जालना १९६० च्या दशकापासून बियाणे उद्योगासाठी ओळखले जाते, आणि या उद्योगात नवीन वाण तयार करण्यास अनेक वर्षे लागतात, तर ग्रेडिंग आणि पॅकिंगचे काम पेरणीआधीच्या थोड्या आठवड्यांत एकवटते. दीर्घ मुदतीच्या संशोधनाला पहिल्या वर्षात परतावा मागणे जसे चुकीचे, तसेच पॅकिंग लाइनच्या प्रकल्पाला संशोधनासारखी मुदत देणेही चुकीचे. म्हणून दोन्हींना वेगळी रक्कम आधीच वाटून द्यावी आणि वाणांची तुलना वाणांशी, यंत्रांची यंत्रांशी करावी. प्रत्येक वाणासाठी कोणत्या हंगामाच्या चाचणीनंतर थांबायचे, याचा निकष चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवावा, कारण निकाल हातात आल्यावर निकष बदलण्याचा मोह होतो.

लाभ मोजण्याचा माझा आग्रह असा आहे: प्रकल्प मंजूर होतानाच, तो ज्या विभागात वापरला जाणार आहे त्या विभागाच्या प्रमुखाने त्यावर सही करावी. प्रकल्पप्रमुख यंत्र बसवून पुढच्या कामाला जातो. तासाला किती पोती निघतात, किती माल पुन्हा चाळावा लागतो, किती हंगामी मजूर लागतात, हे बदलणे विभागप्रमुखाच्याच हातात असते. सध्याचा आकडा काय आहे हे यंत्र येण्याआधी एक पूर्ण हंगाम मोजून ठेवावे, कारण नंतर तो शोधता येत नाही. अपेक्षित सुधारणा पुढील वर्षाच्या उत्पादन अंदाजपत्रकात उतरवावी. पोत्यांचा आकडा वाढेल असे सांगून प्रकल्प मंजूर झाला असेल, तर पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट त्याच आकड्याने वाढलेले असले पाहिजे. ते वाढवायला विभागप्रमुख तयार नसेल, तर प्रकल्पाच्या अर्जातील लाभ त्याला स्वतःला पटलेला नाही, आणि हे मंजुरीच्या दिवशीच कळलेले बरे. यंत्र चालू झाल्यावर पहिल्या हंगामानंतर एकदा आणि दुसऱ्या हंगामानंतर एकदा हा आकडा मासिक बैठकीत मांडावा; पहिला हंगाम शिकण्यात जातो, म्हणून केवळ त्यावरून निकाल देऊ नये.